माझ्या कानांचा धर्म

मी जॅझ आणि प्रोग्रेसिव्ह रॉक ऐकतो हे कळलं की दोन प्रकारची माणसं भेटतात. पहिला प्रकार ऑफिसातला. "अरे, मला वाटलं तू गझल, कव्वाली ऐकत असशील!" नाव मुसलमानाचं, म्हणजे आवडही त्याच खणातली हवी. दुसरा प्रकार घरातला. माझे मामू पाच वेळचे नमाजी आणि अतिशय मायाळू. त्यांच्या लेखी गझल, कव्वाली, गिटार सगळं एकच, हराम. एका ईदला शीरखुर्म्याची वाटी हातात देत ते म्हणाले, "बेटा, जेवढा वेळ त्या बाजाला दिलास, तेवढा अल्लाहला दिला असतास तर?"

प्रश्न रागाचा नव्हता, म्हणूनच तो डोक्यात राहिला.

मामूंना उत्तर द्यायचं तर मी जॉन कोल्ट्रेनच्या 'अ लव्ह सुप्रीम'पासून सुरुवात करेन. 9 डिसेंबर 1964 रोजी चौघांनी न्यू जर्सीतल्या एका स्टुडिओत बसून हा अल्बम ध्वनिमुद्रित केला. जेमतेम तेहतीस मिनिटांचा. कोल्ट्रेन ख्रिस्ती घरातला, दोन्ही आजोबा धर्मोपदेशक. हेरॉइन आणि दारूच्या विळख्यातून 1957 साली तो बाहेर पडला आणि त्याबद्दल देवाचे आभार म्हणून त्याने हे संगीत रचलं. पहिल्या भागात चार सुरांची एकच ओळ तो वेगवेगळ्या पट्ट्यांत पुन्हा पुन्हा वाजवतो, जणू तस्बीह ओढतोय. शेवटच्या भागात त्याने स्वतः लिहिलेली प्रार्थना आहे. ती तो म्हणत नाही, शब्दामागून शब्द सॅक्सोफोनवर वाजवतो. त्याच्या शेजारी पियानोवर मॅकॉय टायनर आहे. त्याने तरुणपणीच इस्लाम स्वीकारला होता, सुलेमान सऊद हे त्याचं मुस्लिम नाव.

तो एकटा नव्हता. अहमद जमाल, युसेफ लतीफ, ड्रमवादक आर्ट ब्लेकी. चाळीस-पन्नासच्या दशकांत वर्णभेदाने पिचलेल्या अमेरिकेत अनेक कृष्णवर्णीय वादकांना इस्लाममध्ये माणूस म्हणून उभं राहायला जागा दिसली. त्यांच्यातल्या अनेकांपर्यंत तो अहमदिया प्रचारकांमार्फत पोचला. हे आपल्याकडे काहींना रुचणार नाही, पण इतिहास तो इतिहास. जमालचा 1958चा 'अ‍ॅट द पर्शिंग' ऐका. शिकागोच्या एका हॉटेलच्या लाउंजमधलं हे वादन. पियानो कमी बोलतो, मध्ये मोकळी जागा सोडतो, आणि त्या जागेतच सगळी मजा असते. लतीफचा 'ईस्टर्न साउंड्स' 1961 साली ध्वनिमुद्रित झाला. त्यात ओबो आहे, बासरी आहे, चिनी मातीचं फुंकवाद्यही आहे. याच लतीफने पुढे दारू विकणाऱ्या क्लबांत वाजवणं बंद केलं आणि पाश्चात्त्य व इस्लामी शिक्षणावर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवली. दीन आणि वाद्य एकाच हातात धरता येतात, हे या माणसाने आयुष्यभर जगून दाखवलं.

ही नावं प्रथम कळली तेव्हा मला फार आनंद झाला होता. वाटलं, ऑफिसवाल्यांनाही उत्तर मिळालं आणि मामूंनाही. जॅझ 'आपलंच' आहे! नंतर माझी मलाच लाज वाटली. मला आवडणाऱ्या संगीताला मी समाजाचा दाखला जोडायला निघालो होतो. ऑफिसातला माणूस वेगळं काय करत होता?

कारण पिंक फ्लॉइडच्या 'विश यू वर हिअर'ला असा कुठलाच दाखला नाही. चौघे इंग्रज, 1975 साल. मनाचा तोल गेलेला त्यांचा जुना सोबती सिड बॅरेट याच्या आठवणीने अल्बमची सुरुवात होते आणि शेवटही. पहिल्या गाण्यात शब्द यायला आठ मिनिटांहून जास्त वेळ लागतो. तोवर गिटारच बोलते. हा अल्बम घडत असताना सिड स्वतः एक दिवस स्टुडिओत आला. अंग सुटलेलं, डोकं-भुवया भादरलेल्या. मित्रांनी त्याला आधी ओळखलंच नाही. डोळ्यांसमोर असून हरवलेला माणूस आपल्याही घरांत, मोहल्ल्यांत असतो. अशा माणसासाठी शोक कसा करायचा, हे मला या अल्बमने शिकवलं. त्यासाठी वादकांचा धर्म विचारायची गरज पडली नाही.

संगीत जायज की नाजायज, हा वाद उलेमांमध्ये शतकानुशतकं चालू आहे. इमाम गझालींनी 'इह्या'मध्ये समावर स्वतंत्र प्रकरण लिहून काही अटींवर ते मान्य केलं. मनाई करणारे विद्वानही तेवढेच थोर आहेत. मी फतवा देणारा कोण? पण मामू, ऐकताना मी काय करतो, एवढं सांगू शकतो. फोन बाजूला ठेवतो. चाळीस मिनिटं मध्ये उठत नाही. दुसऱ्याचं दुःख, दुसऱ्याची शुक्रगुजारी पूर्ण ऐकून घेतो. अशी सवय लागलेला माणूस नमाजला उभा राहिला, तर त्याचं मन कमी भटकतं. निदान माझं तरी.

शेवटी आपल्या मुंबईची एक गोष्ट. जॉन मॅक्लॉफ्लिनबरोबर 'शक्ती'च्या पहिल्या अल्बमवर तबला वाजवणारे झाकीर हुसेन सांगत, की ते जन्मले तेव्हा बाळाच्या कानात दुआ म्हणायची सोडून अब्बांनी, म्हणजे उस्ताद अल्लारखांनी, तबल्याचे बोल म्हटले. अम्मी रागावल्या. अब्बा म्हणाले, हीच माझी दुआ.

मला ते अब्बाही कळतात आणि त्या अम्मीही. पुढच्या ईदला मामूंना हीच गोष्ट सांगणार आहे. त्यांना पटेल असं नाही. पण शीरखुर्मा संपेपर्यंत ते ऐकून घेतील.