कीड अफवेची, फवारणी माणसांवर



कापूस पिकवणाऱ्याला हे सांगायला नको. बोंडअळी दिसली की पायरेथ्रॉईडची फवारणी, पुन्हा फवारणी. त्यात ढालकिडे मेले, क्रायसोपा मेला, आणि पांढरी माशी मात्र उसळून आली. कृषी महाविद्यालयात आम्हाला शिकवले होते : आधी शेतात फिरा, कीड मोजा, नुकसानीची पातळी ओलांडली तरच औषध घ्या, तेही नेमके. मोबाईलवरच्या खोट्याशी लढताना सरकार याच्या उलट वागते.

ही कीड खरी आहे, हे मी नाकारत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने मारून टाकले. अफवा मोबाईलवरून पसरली होती. केंद्राने व्हॉट्सॲपला जाब विचारला. त्याच महिन्यात कंपनीने जाहीर केले की, भारतात एक निरोप एका वेळी पाचांपेक्षा जास्त ठिकाणी पुढे ढकलता येणार नाही. कोणाचे तोंड बंद झाले नाही, पसरण्याचा वेग तेवढा कमी झाला. याला म्हणतात नेमके औषध.

आता दुसरे शेत पाहा. २६ जानेवारी २०२१ ला दिल्लीत ट्रॅक्टर मोर्चात हिंसा झाली. २९ तारखेच्या रात्री सिंघू, टिकरी, गाझीपूर या तिन्ही ठिकाणचे इंटरनेट बंद केले. १ फेब्रुवारीला सरकारच्या आदेशावरून ट्विटरने सुमारे अडीचशे खाती अडवली. त्यांत किसान एकता मोर्चाचे खाते होते, ‘कॅरव्हान’ मासिकाचेही होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये शेतकरी पुन्हा दिल्लीकडे निघाले. निघायचे होते १३ तारखेला. हरियाणाच्या सात जिल्ह्यांत मोबाईल इंटरनेट ११ पासूनच बंद! पेरणीच्या आधीच फवारणी करणारा शेतकरी कोणी पाहिला आहे काय?

कोणी म्हणेल, ते पंजाब-हरियाणाचे भांडण. त्या तीन कायद्यांबद्दल आपल्या चळवळीतही दोन मते होती. बाजार खुला हवा म्हणून कित्येक जण कायद्यांच्या बाजूने उभे राहिले. मुद्दा तो नाहीच. ज्याचे म्हणणे पटत नाही त्याच्या तोंडाला आज मुसके बांधू दिले, तर तेच मुसके उद्या आपल्या तोंडाला येणार. आलेही. त्याच फेब्रुवारीत मराठा आरक्षणाच्या आंदोलनाच्या वेळी जालना जिल्ह्यात इंटरनेट बंद झाले. एकीकडे २०२१ पासून पीक पाहणी मोबाईलवर करा म्हणायचे, दुसरीकडे तोच मोबाईल मुका करायचा!

सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० ला काश्मीरच्या खटल्यात बजावले : बंदी बेमुदत नको, गरजेपुरतीच हवी, आदेश प्रसिद्ध करा. पुढे डिसेंबर २०२१ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने दाखवून दिले की, देशात इंटरनेट कुठे, किती वेळा बंद केले याची नोंद ना दूरसंचार खात्याकडे, ना गृहखात्याकडे. फवारणीची नोंदच नाही, तर गुण आला की नाही हे कळणार कसे?

आणखी एक मासला. केंद्राच्या कारभाराबद्दल काय खोटे, हे केंद्राचाच विभाग ठरवील, असा नियम २०२३ मध्ये आणला. म्हणजे व्यापाऱ्यानेच काटा मारायचा आणि त्यानेच काटा तपासायचा! सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला.

अफवेवर उतारा आहे. पोलीस पाटील वेळेवर पोचला, दवंडी फिरली, खरी बातमी आधी आली, की खोटे टिकत नाही. इंटरनेट बंद केले की खरी बातमी अडते. अफवा मात्र तोंडोतोंडी पळतच राहते.

म्हणून जिल्हा मेळाव्यात हे ठराव मांडावेत :

१. बंदीचा प्रत्येक आदेश कारण, हद्द आणि तासांसह तहसील व ग्रामपंचायतीच्या फलकावर त्याच दिवशी लावावा.

२. बंदी उठल्यावर, कोणती अफवा होती आणि बंदीने काय थांबले, याचा लेखी हिशेब जनतेला द्यावा.

३. सभा-मोर्चा जाहीर झाला, एवढ्याच कारणावरून इंटरनेट बंद करू नये.

उसाचा काटा तपासून मागायला आपण शिकलो. सरकारचा काटाही तपासून मागायला शिकू या.