मुक्कामाचे दाम

वैशाख शुद्ध पंचमीला गोव्यातील शिरगावी श्रीलईराईची जत्रा भरते. होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून चालणारे धोंड आणि त्यांच्यामागून दर्शनार्थी दूरदूरहून येतात. शेजारच्या मुळगावी लईराईची बहीण श्रीकेळबाई नांदते. तिच्या पायांवर डोके ठेवल्यावाचून पुष्कळांचे पाऊल मागे वळत नाही. बडोद्यातील ज्या जुन्या घराण्यांची कुलदैवते गोव्यात आहेत, त्यांच्यापैकीही कोणी कोणी थिवी स्थानकावर उतरून इकडे वाट वाकडी करतात. प्रश्न उरतो तो रात्रीचा. मुळगाव हे काही समुद्रकाठचे विलासस्थान नव्हे. कोणाच्या तरी ओळखीने एखाद्या घरच्या ओसरीवर पथारी पडते, आणि सकाळी निघताना 'किती द्यायचे?' असे विचारले की उत्तर मिळते, 'तुम्हांला वाटेल ते द्या.'

हे उत्तर सौजन्याचे खरे, पण त्यात उभयतांची कुचंबणा आहे. पाहुणा कमीपणा नको म्हणून खिशास न परवडणारी रक्कम ठेवतो, किंवा थोडके ठेवून वाटभर खजील होतो. घरच्या बाईने पहाटे उठून पाणी तापविले, त्याचे मोल तिच्या तोंडून कधीच निघत नाही. गवयाची बिदागी मैफलीपूर्वी ठरली म्हणून त्याचा षड्ज हलल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही!

याच गोव्यात या अडचणीवर फार जुना तोडगा आहे. मंगेशी, कवळे, म्हार्दोळ येथील देवस्थानांच्या अग्रशाळा परगावी विखुरलेल्या महाजनांच्या व भाविकांच्या उतरण्यासाठीच झाल्या. १९३३ च्या पोर्तुगीज नियमावलीने देवस्थानांचा कारभार सरकारी देखरेखीखाली ठेवला. म्हणजे हिशेब वहीत चढविणे आले. आजही नोंदणीकृत धर्मादाय संस्थेच्या देवस्थान-आवारातील, दिवसास १००० रुपयांहून कमी भाड्याच्या खोलीस वस्तू व सेवा कर लागत नाही. तेव्हा अशा ठिकाणी कराच्या धाकाने पावती टाळण्याचेही कारण उरत नाही.

कित्येकांस वाटते की सारा दोष रोख पैशाचा; मोबाईलवरून रक्कम भरली की भांडण मिटले. आम्हांस हे पटत नाही. जत्रेच्या गर्दीत मोबाईलचे जाळे अडखळले, तर सत्तरीच्या आजीबाईंनी कोणाच्या तोंडाकडे पाहावे? रोकडही दगा देते, हे मात्र नाकारता येत नाही. १९६१ पर्यंत गोव्याचे चलनच निराळे होते, आधी रुपिया व १९५९ पासून एश्कुद. आणि ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री ५०० व १००० च्या नोटा बाद झाल्या, तेव्हा परगावी असलेल्यांचे हाल सर्वांच्या स्मरणात आहेत. तरीही यजमान व पाहुणा यांच्यात अवघडलेपण येते ते नोटेमुळे नव्हे, न सांगितलेल्या दरामुळे.

म्हणून जत्रेच्या दिवसांत जी घरे खोली देतात, त्यांनी दारावर दराची पाटी लावावी; रोख घ्यावी, आणि साध्या वहीच्या पानावर का होईना, पावती द्यावी. आमच्या वाचकांनीही खोलीत पिशवी ठेवण्याआधीच दर विचारावा, आणि निघताना शंभर-पन्नासाच्या सुट्या नोटा जवळ बाळगाव्यात. भल्या पहाटे पाचशेची मोड मुळगावी कोण देणार?