कंत्राटी अभियंता आणि जोखमीचा हिशेब

चाकूरच्या बसस्थानकावरून रात्री पुण्याकडे निघणाऱ्या गाड्यांतील प्रवासी पाहिले, म्हणजे मराठवाड्याच्या स्थलांतराचे स्वरूप किती पालटले आहे याची कल्पना येते. १९७२ च्या दुष्काळात याच मुलखातील माणसे खडी फोडण्याच्या कामावर गेली. आज गाडीत बसणाऱ्या तरुणाच्या पाठीवर लॅपटॉपची पिशवी असते आणि तिच्यात लातूरच्या किंवा नांदेडच्या महाविद्यालयाने दिलेली पदवी असते. तो हिंजवडीला किंवा खराडीला जातो. तेथे त्याला मिळते ते काम, मिळालेच तर, पुष्कळदा सहा महिन्यांच्या अथवा वर्षाच्या कंत्राटाचे असते. २०२३ पासून तर तेवढेही मिळणे कठीण होऊन बसले आहे. मुलाखती होतात, कागदपत्रे मागविली जातात, ‘प्रोजेक्ट थांबला आहे, कळवू’ असा निरोप येतो. आणि पुढे काहीच कळविले जात नाही.

या मंदीचा दोष एका कोणावर टाकण्यात अर्थ नाही. महामारीच्या काळात, विशेषतः २०२१-२२ मध्ये, माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांनी बेसुमार भरती केली. मार्च २०२२ पासून अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने जवळजवळ शून्यावर असलेला व्याजदर वाढवीत जुलै २०२३ पर्यंत सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर नेला. पैसा महाग झाला, तशी तेथील बँकांनी आणि विमा कंपन्यांनी आपली संगणकीकरणाची कामे पुढे ढकलली. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले, आणि नवख्या अभियंत्याकडून करून घेतली जाणारी चाचणीची, दुरुस्तीची व नमुनेवजा संगणक-लेखनाची कामे यंत्राकडून किती करून घेता येतील याचा विचार सुरू झाला. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेससारख्या अग्रगण्य कंपनीची कर्मचारीसंख्या २००४ मध्ये शेअरबाजारात नोंदणी झाल्यापासून प्रथमच २०२३-२४ या वर्षात घटली, आणि तीही १३ हजारांहून अधिक. जुलै २०२५ मध्ये त्याच कंपनीने सुमारे १२ हजार जागा कमी करण्याचे जाहीर केले. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने एच-१बी परवान्याच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लादले. बाजार जगाचा असल्यामुळे त्याचे चढउतारही जगाचेच असणार, हे मान्य केले पाहिजे.

परंतु चढउतार होणे ही एक गोष्ट आणि त्या चढउताराचा भार कोणी वाहावयाचा ही दुसरी गोष्ट. पहिली बाजारावर अवलंबून असते. दुसरी समाज ठरवीत असतो. नेमक्या या दुसऱ्या प्रश्नाकडे आपल्याकडे दुर्लक्ष झाले आहे.

नवे मुकादम

कंत्राटी कामाची रचना थोडक्यात अशी असते. परदेशी ग्राहकाचे काम मोठ्या कंपनीकडे येते. ती काही माणसे स्वतः नेमते आणि उरलेली मनुष्यबळ पुरविणाऱ्या संस्थेकडून घेते. ही संस्था ती माणसे पुष्कळदा आणखी एखाद्या लहान ‘कन्सल्टन्सी’कडून मिळविते. प्रत्येक पायरीवर आपापला वाटा ठेवला जातो. ग्राहकाने एका माणसाच्या कामासाठी किती दर मोजला, हे अखेरच्या पायरीवरील अभियंत्याला बहुधा कधीच समजत नाही. काम संपले, तर त्याला कोणी काढून टाकीत नाही. केवळ त्याची मुदत वाढत नाही. म्हणून कपातीच्या आकड्यांतही त्याची गणना होत नाही.

मराठवाड्याला ही व्यवस्था अपरिचित नाही. ऊसतोडीचा मुकादम हाच व्यवहार पिढ्यान् पिढ्या करीत आला आहे. फरक एवढाच की मुकादम निदान हंगामापूर्वी उचल देतो. ती मजुराला बांधून ठेवते हे खरे, परंतु हंगाम सुरू होण्यापूर्वीची पदरमोड तरी त्यातून निभावते. संगणकाच्या हंगामात उचल उलट्या दिशेने वाहते. ती बापाने द्यावयाची असते.

तिचे मोजमाप करून पाहण्यासारखे आहे. चाकूर तालुक्यातील पाच एकरांच्या शेतकऱ्याला सोयाबीन तीस क्विंटल झाले असे धरू. २०२५-२६ च्या हंगामासाठी जाहीर झालेला हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. त्या भावाने सारे सोयाबीन विकले गेले, तरी हाती १ लाख ५९ हजार ८४० रुपये येतात. बियाणे, खत, फवारणी, मळणी यांचा खर्च त्यातून अजून वजा व्हावयाचा असतो. आणि २०२४ च्या हंगामात बाजारातील भाव हमीभावाच्या खाली होते, हेही विसरता येत नाही. पुण्यात खोली, खानावळ आणि येणेजाणे यांना महिन्याला दहा हजार रुपये लागतात असे गृहीत धरले, तर दोन कंत्राटांमधील सहा महिन्यांच्या रिकामपणाला साठ हजार लागतात. म्हणजे कोरडवाहू शेताच्या ढोबळ उत्पन्नाचा तिसऱ्या हिश्श्याहून मोठा भाग अमेरिकेतील व्याजदराची किंमत म्हणून खर्ची पडतो. ज्याच्यापाशी भांडवल आहे ती कंपनी जोखीम अंगावरून झटकून टाकते, आणि ज्याच्यापाशी फक्त सातबारा आहे तो ती उचलतो.

जोखमीला दाम हवा

अर्थशास्त्राचा साधा सिद्धांत असा की जोखीम पत्करणाऱ्याला तिचा मोबदला मिळाला पाहिजे. ज्याच्या नोकरीला उद्याची शाश्वती नाही, ज्याला भरपगारी रजा नाही, त्याचा आजचा दर कायम कर्मचाऱ्याहून अधिक हवा. ऑस्ट्रेलियात नैमित्तिक कामगाराला मूळ दरावर सामान्यतः २५ टक्के अधिक वेतन देण्याची पद्धत आहे. आपल्याकडे, निदान खालच्या पायऱ्यांवर, नेमके उलटे घडते. तेच काम करणारा कंत्राटी माणूस कायम माणसाहून स्वस्त पडतो, आणि स्वस्त पडतो म्हणूनच घेतला जातो. कंत्राटाचा मूळ हेतू लवचिकपणा हा होता; प्रत्यक्षात तो वेतन पाडण्याचा मार्ग झाला आहे.

कायद्याला हे ठाऊक नव्हते असे नाही. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याखालील १९७१ च्या केंद्रीय नियमांतच समान कामाला समान वेतन देण्याची अट होती. तात्पुरत्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या बाबतीत ऑक्टोबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच तत्त्व उचलून धरले. तो जुना कायदा मागे सारून २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू करण्यात आल्या. त्यांत नेमणूकपत्र सक्तीचे झाले आणि थेट मुदतबंद नेमणूक झालेल्यास एका वर्षानंतर उपदानाचा हक्क मिळाला, या गोष्टी स्वागतार्ह आहेत. मात्र मुदत संपल्याने गेलेली नोकरी या संहितांच्या दृष्टीने कपात ठरत नाही. त्यामुळे कपात झालेल्या कामगाराला पंधरा दिवसांचे वेतन देणारा पुनर्कौशल्य निधीही अशा माणसाच्या वाट्याला येत नाही. ज्याला आधाराची सर्वांत अधिक गरज, तोच व्याख्येच्या बाहेर राहिला आहे.

सरकारचा कित्ता

खासगी कंपन्यांना नावे ठेवण्यापूर्वी शासनाने स्वतः कोणता कित्ता गिरविला हेही पाहावे लागेल. पुण्यात काम न मिळालेला पदवीधर गावी परततो, तेव्हा त्याला दिसणारे संगणकाचे जवळचे काम म्हणजे ग्रामपंचायतीतील संगणक परिचालकाचे. २०११ मध्ये ‘संग्राम’ प्रकल्पातून आणि २०१६ पासून ‘आपले सरकार सेवा केंद्रां’तून हे काम चालले. जन्म-मृत्यूच्या नोंदींपासून दाखल्यांपर्यंत गावाचा कारभार ज्याच्या बोटांवर चालतो, तो ग्रामपंचायतीचा नोकर मात्र नव्हे. तो मधल्या संस्थेचा माणूस. या व्यवस्थेत ग्रामपंचायतीने एका केंद्रामागे दरमहा १२,३३१ रुपये भरावयाचे आणि त्यातील सुमारे निम्मीच रक्कम परिचालकाच्या हाती पडावयाची, अशी आखणी होती. पुढे आंदोलनांनंतर मानधन वाढले; मधली संस्था कायम राहिली. सप्टेंबर २०२३ मध्ये तर नऊ खासगी संस्थांमार्फत सरकारी पदे भरण्याचा निर्णय निघाला होता. विद्यार्थ्यांच्या व विरोधकांच्या रोषामुळे तो ऑक्टोबरमध्ये मागे घ्यावा लागला. शासनच जेथे मुकादमाची वाट धरते, तेथे कंपन्यांनी आदर्श कोणाचा ठेवावा?

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. परदेशी काम केव्हा येईल आणि केव्हा थांबेल याचा भरवसा नसताना प्रत्येकाला कायम करण्याचे बंधन घातले, तर भरतीच आटेल, असे त्या म्हणतात. या म्हणण्यात तथ्य आहे. म्हणून कंत्राट बंद करा अशी मागणी करणे शहाणपणाचे होणार नाही. लवचिकपणा कंपन्यांना अवश्य मिळावा. परंतु तो फुकट मिळू नये.

या बाबतीत महाराष्ट्रापाशी स्वतःचीच शिदोरी आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ च्या कायद्याने हक्काचे स्वरूप दिले, आणि तिच्या खर्चासाठी शहरांतील पगारदारांवर १९७५ च्या कायद्याने व्यवसाय कर बसविण्यात आला. पगारदाराने वर्षाला थोडे द्यावे आणि दुष्काळात मजुराच्या घरची चूल पेटावी, असा तो करार होता. पुण्यात कंत्राटावर काम करणारा चाकूरचा अभियंता हा कर भरतो. तो स्वतः रिकामा होतो तेव्हा मात्र त्याला कोणतीच हमी नसते. कर्मचारी राज्य विमा योजनेखाली बेकारीत सरासरी वेतनाच्या निम्मी रक्कम ९० दिवसांपर्यंत देण्याची तरतूद २०२० मध्ये झाली, परंतु त्या विम्याची वेतनमर्यादा २०१७ मध्ये २१ हजार रुपयांवर ठरविलेली. बहुसंख्य अभियंते तिच्या बाहेर पडतात.

तेव्हा करावयाचे ते असे. मनुष्यबळ पुरवठ्याच्या प्रत्येक बिलावर अल्पशी आकारणी करून तिचा स्वतंत्र निधी उभारावा, आणि दोन कंत्राटांमधील काळात त्या कामगाराला तीन महिने निम्मे वेतन द्यावे. मूळ कंपनी आणि कामगार यांच्यामध्ये एकाहून अधिक मध्यस्थ नसावा, आणि मूळ दर नेमणूकपत्रात लिहिलेला असावा. नोकरी देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घेणाऱ्याचा परवाना रद्द व्हावा. आणि ग्रामपंचायतीच्या परिचालकापासून आरंभ करून शासनाने स्वतःच्या दारातील मुकादमी आधी मोडावी.

शेवटची जबाबदारी शिक्षणसंस्थांची आहे. ‘लातूर पॅटर्न’ने मराठवाड्यातील मुलांना गुणवत्ता यादीत नेऊन बसविले, याचा अभिमान योग्यच आहे. परंतु तेथे यश मोजले जाते ते प्रवेशपरीक्षेच्या निकालादिवशी. त्यानंतर सहा-सात वर्षांनी ती मुले कोठे आहेत, कायम आहेत की कंत्राटावर, याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. प्रत्येक महाविद्यालयाने ‘अमुक इतक्यांना नोकरी’ असा फलक लावताना त्यांतील किती नेमणुका वर्षाहून अधिक टिकल्या हेही लिहावे. त्या एका ओळीने पालकांना आपण कशावर पैसे लावीत आहोत हे कळेल.

चाकूरहून पुण्याला जाणारी गाडी थांबणार नाही, थांबूही नये. तिच्यात बसणाऱ्या तरुणाने कष्टाची तयारी ठेवलेलीच असते. बाजाराच्या लहरीचा भार एकट्याने वाहण्याची तयारी मात्र त्याच्याकडून कोणी मागू नये.