बोहारणीच्या पाटीतले पिस्तूल

लहानपणी आमच्या वाड्यात दुपारच्या वेळी बोहारीण येई. विरलेले लुगडे, जुने धोतर, वडिलांचा उसवलेला कोट तिच्यापुढे पडे आणि तासाभराच्या घासाघिशीनंतर आईच्या हाती स्टीलचे एखादे पातेले येई. तो कोट पुढे कोणाच्या अंगावर चढला, याची चौकशी आम्ही कधी केली नाही. करण्याचे कारणही नव्हते. कोटाने कोणाचा जीव जात नाही.

हे आठवले ते थेट अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या माझ्या भाच्याच्या गॅरेजमध्ये. तो आता तिथला नागरिक. “मामा, एक गंमत दाखवतो,” म्हणत त्याने कुलूपबंद पेटीतून एक पिस्तूल काढले. ग्लॉक कंपनीचे, .४० कॅलिबरचे. पूर्वी ते एका पोलिसाच्या कमरेला होते. खात्याने नवी पिस्तुले घेताना जुनी विक्रेत्याला मोबदल्यात देऊन टाकली आणि दुकानातून ते नव्याच्या जवळजवळ निम्म्या किमतीत याच्या घरी आले. या मालाला तिथे ‘पोलीस ट्रेड-इन’ म्हणतात आणि त्याचे शौकीन पुष्कळ आहेत.

कारण व्यवहारी आहे. पोलीस हत्यार रोज बाळगतो, पण झाडतो बहुतेक सरावापुरतेच. त्यामुळे होल्स्टरमध्ये घासून बाहेरचा काळा रंग उडालेला असतो, कडा पांढऱ्या पडलेल्या असतात. आतली नळी मात्र बहुधा धडधाकट. भाच्याने ते उघडून साफ केले, थकलेली स्प्रिंग बदलली, नेम धरण्याचे ठिपके नवे बसवले. हे ठिपके अंधारात चमकावेत म्हणून त्यांत ट्रिटियम असते आणि ते साधारण १२ वर्षांत निम्मे होते. ठिपके मंद झाले की समजावे, पिस्तुलाची नोकरी बरीच झाली आहे.

एवढा माल बाजारात येतो कसा? १९८०च्या दशकापासून अमेरिकी पोलिसांनी रिव्हॉल्व्हर सोडून पिस्तुले घ्यायला सुरुवात केली, तेव्हा स्मिथ अँड वेसनची ‘मॉडेल १०’ रिव्हॉल्व्हरे ढिगाने बाहेर पडली. पुढे .४० कॅलिबरचा जमाना आला. मग २०१५च्या सुमारास एफबीआय पुन्हा ९ मिलिमीटरकडे वळली, तिच्यामागे अनेक पोलीस खातीही वळली आणि पुन्हा ढीग लागले.

बँकेत ३५ वर्षे काढलेल्या माणसाला यात गैर काय दिसावे? आम्हीही जुनी टेबले-कपाटे डेडस्टॉक रजिस्टरातून कमी करून लिलावात काढलीच की! पण शाखेतल्या एका वस्तूला आम्ही तो न्याय कधी लावला नाही. ती म्हणजे गार्डची दुनळी बंदूक. आमचे गार्ड सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार. रोज संध्याकाळी काडतुसे मोजून माझ्यासमोर रजिस्टरवर सही करत. एकदा मी चेष्टेने म्हणालो, “सुभेदार, आजवर एक बार उडाला नाही. मोजता कशाला?” ते म्हणाले, “साहेब, नोट कमी भरली तर पगारातून कापाल. काडतूस कमी भरलं तर काय कापणार?”

भाच्याची बाजूही मी ऐकली. दुकानातून घेताना फॉर्म भरावा लागतो, १९९८पासून खरेदीदाराची पूर्वपीठिका संगणकावर तपासली जाते, गावाच्या तिजोरीचे पैसे वाचतात, चांगली वस्तू वाया जात नाही. सारे खरे. पण तेच पिस्तूल पुढे एका माणसाने दुसऱ्याला खासगीत विकले, तर ओहायोसारख्या अनेक राज्यांत ती तपासणी सक्तीची नाही. पहिल्या सहीनंतर रजिस्टर बंद!

याचा हिशेब कुठे ना कुठे निघतोच. न्यू ऑर्लिन्स शहराने १९९८ साली बंदुका बनवणाऱ्या कंपन्यांवर दावा लावला; आणि त्याच शहराने जप्तीतली हजारो हत्यारे नव्या पिस्तुलांच्या बदल्यात बाजाराच्या हवाली केली होती, हे उघड झाले. २०२४ साली ‘द ट्रेस’, ‘रिव्हील’ आणि ‘सीबीएस न्यूज’ यांनी मिळून सरकारी नोंदी तपासल्या. २००६ ते २०२२ या काळात, एके काळी पोलिसांची असलेली ५२ हजारांहून अधिक हत्यारे गुन्ह्यांच्या तपासात सापडली होती. त्यांतली काही चोरीची, हरवलेलीही असतील. तरी आकडा डोळ्यांआड करण्याजोगा नाही.

बँकेत पहिला धडा असा, की कर्जदार पळाला तरी जामीनदार सुटत नाही. ज्या हत्याराला सरकारने जनतेच्या रक्षणासाठी जनतेच्या पैशाने घेतले, त्याचा जामीनदार सरकारच. पुस्तकातून वस्तू कमी झाली म्हणून देणे संपत नाही. म्हणून माझे मत सरळ आहे. पोलिसांनी बाद केलेले हत्यार भट्टीतच गेले पाहिजे. नव्या पिस्तुलांसाठी गावाला थोडे जास्त पैसे मोजावे लागतील, ते मोजावेत. सुरक्षेच्या खात्यात हीही एक किंमतच आहे.

परक्या देशाची ही उठाठेव कशाला, असे वाचक म्हणतील. पण तुमच्या-आमच्या लेकरांची घरे आता तिथे आहेत. भाच्याची सहा वर्षांची मुलगी त्याच गॅरेजमध्ये सायकल लावते.

निघण्याच्या आदल्या दिवशी मी त्याला एवढेच विचारले, “तुला ते नकोसे झाले, म्हणजे कुठे जाईल?”

“दुकानदार परत घेतो, मामा.”

“आणि तो कोणाला देईल?”

भाचा काही बोलला नाही. त्या रात्री झोपण्यापूर्वी मात्र पेटीचे कुलूप त्याने दोनदा ओढून पाहिले.