केशरी देठांचे देणे

शेजारच्या माईंना मी श्रावणाआधीच शब्द देऊन बसले होते, “दिवाळीला ह्याचं पिल्लू तुम्हांला नक्की!” माई जागा विकून नागपूरला लेकाकडे जायच्या होत्या. शब्द दिला तेव्हा माझ्यापाशी होती एक कुंडी आणि पुष्कळसा आत्मविश्वास.

कुंडीत स्पायडर प्लँट होते. पण घरोघरी खिडकीत लोंबते ते पांढऱ्या पट्ट्यांचे नव्हे. हे त्याचे रंगेल भावंड! पाने रुंद, गर्द हिरवी आणि देठ असे केशरी, की जिलबीच्या पाकातून आत्ताच काढावेत. नर्सरीत ह्याला ‘फायर फ्लॅश’ म्हणतात. मूळचे ते आफ्रिकेच्या उष्ण प्रदेशातले. तरी अगदीच परके नव्हे. पावसाळ्यात आपण खातो ती फोडशीची भाजी आणि औषधी सफेद मुसळी ह्याच क्लोरोफायटम घराण्यातल्या. मुसळीच्या शास्त्रीय नावात तर आपली बोरिवली आहे!

पट्टेवाल्या झाडाला लांब दांडीवर पिल्ले लोंबतात. पिल्लू दुसऱ्या कुंडीतल्या मातीवर टेकवावे, मुळे धरली की दांडी कापावी, झाले काम. तशीच वाट मी ह्याच्याही दांडीची पाहत होते. येईना, म्हणून पाणी वाढवले, खत वाढवले. पानांची टोके मात्र काळी पडू लागली. शेवटी नर्सरीतल्या माळीदादांना विचारले. ते हसलेच. “बाई, ह्याला पिल्लं लोंबत नाहीत. बी धरा, नाहीतर गड्डा फोडा.”

मला धस्सच झाले. देठांचा रंग टिकावा म्हणून फुलांचा तुरा मी दर वेळी खुडून टाकत असे. म्हणजे बी मीच फेकत होते! पुढचा तुरा राखला. हिरव्या बोंडांतले काळे, ताजे बी ओलसर मातीत पेरले. काही आठवड्यांनी कोंब आले खरे, पण दिवाळीपर्यंत ते बोटभर तरी होतात की नाही, कोण जाणे! राहिला दुसरा मार्ग.

झाड एकच. चुकले, तर माईंचेही गेले आणि माझेही. दोन दिवस सुरी हातात घेत होते आणि ठेवत होते. अखेर श्रावणातल्या एका ढगाळ सकाळी कुंडी उपडी केली. माती हलक्या हाताने झाडली, तेव्हा गड्ड्याचे दोन भाग नीट दिसले. प्रत्येकाला पांढरी, जाड मुळे राहतील अशा बेताने स्वच्छ सुरीने मधोमध कापले. लाल माती, कुजलेले शेणखत आणि जाड वाळू कालवून दोन बेताच्या कुंड्या भरल्या. मोठी कुंडी घेतली नाही; तीत ओल फार काळ राहते आणि मुळे कुजतात. गड्डा होता तितक्याच खोलीवर लावला आणि कुंड्या सावलीत ठेवल्या.

तीन आठवडे दोन्ही भाग माना टाकून बसले. पाणी घालायला हात शिवशिवत, पण वरची माती सुकेपर्यंत आवरला. नळाऐवजी साठवलेले पावसाचे पाणी घातले. नळाच्या पाण्यातल्या क्षारांनीही टोके काळवंडतात. एके दिवशी एका कुंडीच्या मधोमध केशरी टोक दिसले. दुसरीने आणखी पंधरा दिवस जीव टांगणीला लावला.

वसुबारसेला माईंना कुंडी दिली. आधी फुटलेली, तीच. बरोबर सूचनाही दिल्या: उजेड भरपूर, पण ऊन अंगावर नको, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात कूलरच्या झोतासमोर तर मुळीच नको.

माईंनी देठांवरून बोट फिरवले. “अगं, पिल्लू म्हणाली होतीस. हे तर अर्धं झाड झालं!”

“बाकीचं अर्धं इथंच आहे, माई,” मी म्हटले. त्यापुढे दोघींनाही काही बोलवेना.

खिडकीत आता मागाहून फुटलेली कुंडी आहे, आणि दह्याच्या वाडग्यात पाच रोपे. माईंच्या जागेत नवे बिऱ्हाड येणार आहे. त्यांना मात्र आधी शब्द द्यायचा नाही. रोप हाती आले, की मगच दार वाजवायचे.