मुदतवाढ कुणाला, नोटीस कुणाला?



वनहक्काचा दावा भरताना आपण सगळे एक गोष्ट शिकलो, ती म्हणजे तारीख. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जमीन कसत होता का? ग्रामसभेने दावे मागवल्यापासून तीन महिन्यांच्या आत अर्ज दिला का? सोबत निदान दोन पुरावे जोडले का? ग्रामसभेचा ठराव पटला नसेल तर 60 दिवसांत उपविभागीय समितीकडे गेलात का? तिथला निर्णय पटला नाही, मग पुढच्या 60 दिवसांत जिल्हा समितीकडे गेलात का? एवढ्या तारखा सांभाळता सांभाळता म्हातारी माणसं गेली, पण दाव्याचा कागद काही खाली आला नाही.

सोलापूरकडच्या आपल्या पारधी भावांना आणखी एक तारीख पाठ आहे, 14 एप्रिल 1990. गायरानावरचं अतिक्रमण त्या दिवसाच्या आधीचं असेल तरच नावावर होणार. पावती, पंचनामा, दंडाची चिठ्ठी, काय असेल ते आणा. ज्यांना गाव एका जागी टिकू देत नव्हतं, त्यांनी तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचा कागद दाखवायचा.

या तारखांचं रडगाणं गाण्यासाठी हे लिहीत नाही. दुसऱ्या काही तारखा आहेत, त्या आपल्यासमोर कुणी वाचत नाही. त्या एकदा ओळीने मांडायच्या आहेत.

सोलापूरहून होटगीकडे जाताना फताटेवाडी-आहेरवाडीच्या शिवारात कोळशावर वीज करणारं मोठं केंद्र लागतं. ते केंद्र सरकारच्या एनटीपीसी कंपनीचं आहे. 660 मेगावॅटची दोन युनिटं आहेत. पहिलं 2017 च्या सप्टेंबरात सुरू झालं, दुसरं 2019 च्या मार्चमध्ये. पाणी उजनीचं. कोळसा जळला की राख निघते, तसा गंधकाचा वायूही निघतो. हा वायू हवेत गेल्यावर त्याचे बारीक कण होतात आणि वाऱ्याबरोबर दूर जातात. दम्याच्या माणसाला, लहान लेकराला आणि पोटुशी बाईला त्यांचा त्रास जास्त. चिमणी उंच असली म्हणजे वायू जवळ पडत नाही, लांब जाऊन पडतो, एवढाच फरक.

हा गंधक धुरातच पकडायचं यंत्र असतं, त्याला एफजीडी म्हणतात. धुरावर चुनखडीचं पाणी मारायचं, गंधक त्यात धरला जातो आणि खाली जिप्सम उरतं. यात नवल काही नाही, जगात कित्येक वर्षं चाललंय.

आता तारखा बघा.

7 डिसेंबर 2015 ला केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने कोळशाच्या वीज केंद्रांसाठी नियम काढला. धूळ किती, गंधक किती, पारा किती, सगळ्याची मर्यादा घातली. जुन्या केंद्रांनी दोन वर्षांत, म्हणजे डिसेंबर 2017 पर्यंत, यंत्रं बसवायची. 1 जानेवारी 2017 नंतर बसवलेल्या युनिटांना गंधकाची मर्यादा सगळ्यात कडक, एका घनमीटरमागे 100 मिलिग्रॅम.

2017 उजाडलं. गंधकाचं काम बहुतेक ठिकाणी पुरं नव्हतं. मुदत टप्प्याटप्प्याने 2022 पर्यंत गेली.

2021 च्या एप्रिलमध्ये केंद्रांचे तीन गट केले. दिल्ली परिसर आणि दहा लाखांवर वस्तीच्या शहरांपासून 10 किलोमीटरच्या आत ते पहिल्या गटात. फार प्रदूषित भाग किंवा हवा बिघडलेली शहरं जवळ असतील ते दुसऱ्या गटात. बाकी सगळे तिसऱ्यात. मुदती झाल्या 2022, 2023 आणि 2024 ची अखेर.

5 सप्टेंबर 2022 ला त्या झाल्या 2024, 2025, 2026.

30 डिसेंबर 2024 ला, पहिल्या गटाची मुदत संपायला एक दिवस राहिला असताना, परत पुढे सरकल्या. 2027, 2028, 2029.

आणि 11 जुलै 2025 ला तिसऱ्या गटाला गंधकाच्या या मर्यादेतून सूटच दिली, चिमणीच्या उंचीची अट पाळली की झालं. देशातली चारांपैकी तीनांहून जास्त युनिटं याच गटात येतात. दुसऱ्या गटाचं एकेक प्रकरण बघून ठरवणार. पहिल्या गटालाच काय ते यंत्र सक्तीचं राहिलं.

म्हणजे दोन वर्षांची मुदत दहा वर्षं ताणली आणि शेवटी बहुतेकांना माफ केली. सोलापूरच्या केंद्रात कुठलं काम कुठवर आलं, हा इथला मुद्दा नाही. नियमाचं कॅलेंडरच कसं सरकत गेलं ते आम्ही सांगतोय.

आता दुसरं कॅलेंडर शेजारी ठेवा. 2022 च्या सप्टेंबरात वीज केंद्रांना दोन वर्षं वाढवून मिळाली. पुढच्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातल्या गायरानावरची अतिक्रमणं वर्षअखेरपर्यंत काढायला सांगितलं. तीन महिनेसुद्धा नाहीत. गावोगाव नोटिसा आल्या. 13 फेब्रुवारी 2019 चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश तर कुणी विसरलेलं नाही. ज्यांचे वनहक्क दावे फेटाळले त्यांना जुलैपर्यंत बाहेर काढा, असा तो आदेश होता. देशभर लोक उठले, सरकारला कोर्टात परत जावं लागलं आणि 28 फेब्रुवारीला तो थांबला. आपल्याला जो थोडा वेळ मिळाला तो रस्त्यावर बसून मिळाला. कंपन्यांना तो अधिसूचनेतून मिळतो.

साथींनो, दुसरी बाजूही ऐकून घेऊ. सरकार म्हणतं, आपल्या कोळशात गंधक मुळातच कमी आहे. यंत्राला खर्च फार, वीज महाग होईल. यंत्राला पाणी लागतं, चुनखडी लागते. यातलं काही खरंही आहे. चुनखडीची खाण शेवटी कुणाच्या डोंगरात निघणार ते आपल्याला सांगायला नको. उजनीच्या पाण्यावरून सोलापुरात दर उन्हाळ्यात काय होतं तेही ठाऊक आहे. त्यामुळे प्रत्येक चिमणीला यंत्र बसलंच पाहिजे, असा हट्ट आम्ही धरत नाही. कुठे गरज आहे, कुठे नाही, हे तपासून ठरावं.

पण तपासायचं होतं तर 2015 च्या आधी तपासायचं. नियम काढायचा, तारीख घालायची, ती चार-पाच वेळा हलवायची आणि मग म्हणायचं की गरजच नव्हती. या सगळ्यात धूर गिळणाऱ्या एका तरी गावाला कुणी विचारलं का? सोलापूर शहर स्वतः हवा बिघडलेल्या शहरांच्या सरकारी यादीत आहे. तिथल्या विडी कामगार बायांना, यंत्रमागावरच्या मजुरांना, माळावर राहणाऱ्या पारध्यांना कुणी म्हटलं का की बाबांनो, तारीख पुढे ढकलतोय, तुमचं म्हणणं काय? उशीर केला तर दंडही होता. 2021 च्या नियमात तो विजेच्या युनिटमागे 5 पैशांपासून 20 पैशांपर्यंत होता. तारीखच पुढे गेली की दंड कसला आणि वसुली कसली.

मुदतवाढ जगात सगळीकडे मागतात. अमेरिकेचं एक उदाहरण सांगतो, तेही अणुवीज केंद्रांचं, जिथे धोका कोळशापेक्षा वेगळा आणि मोठा. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर तिथल्या अणु नियामक आयोगाने केंद्रांच्या सुरक्षेचे नियम कडक केले. पक्का नियम मार्च 2009 मध्ये आला आणि 31 मार्च 2010 पर्यंत तो पाळायचा होता. बऱ्याच केंद्रांनी सांगितलं की बांधकाम पुरं होत नाही, सामान वेळेत येत नाही, वेळ द्या. आयोगाने वेळ दिलाही. पण कसा दिला ते बघा. प्रत्येक केंद्राने वेगळा अर्ज केला. सगळ्या नियमाला सूट नव्हती, ठरावीक कामांनाच वाढीव वेळ. बाकीचं सगळं 31 मार्चलाच पाळायचं. काम पुरं होईतो आधीचा बंदोबस्त कायम. आणि सूट का दिली ते सरकारी राजपत्रात छापलं. पहारा कुठे, कुंपण कसलं, हे गुप्त राहिलं आणि ते बरोबरच आहे. पण कुणाला, किती दिवस, कशासाठी, हे उघड राहिलं. त्या देशाचं कौतुक करायला हे सांगत नाही. तिथेही कंपन्यांना वेळ मिळालाच. पण मागणाऱ्याला कारण लिहून द्यावं लागलं.

आपल्याकडे पालघरच्या किनाऱ्यावर तारापूरचं अणुवीज केंद्र आहे. पहिली दोन युनिटं 1969 ची. पुढच्या युनिटांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठवली. आसपासच्या तालुक्यांत आपलेच वारली, कोळी, कातकरी राहतात. अणुऊर्जेवर देखरेख करणारं मंडळ 1983 मध्ये नेमलं. देशासाठी अणु आणि किरणोत्सर्ग सुरक्षेचं धोरण तयार करणं हे त्याच्याकडे दिलेलं काम होतं. 2012 मध्ये कॅगने अहवालात लिहिलं की इतकी वर्षं झाली तरी ते धोरण तयार झालेलं नाही. राखणदाराचंच काम असं मागे पडलं, तर केंद्राने कुठली तारीख पाळली आणि कुठली नाही, हे शेजारच्या पाड्याला कळणार कसं?

आता आपल्याच कायद्याकडे येऊ. वनहक्क नियमातलं 11 वं कलम काढून वाचा. तीन महिन्यांत दावे पुरे झाले नाहीत तर ग्रामसभेला मुदत वाढवता येते. अट एकच आहे, कारणं लेखी नोंदवायची. म्हणजे पाड्यावर चटई टाकून बसणाऱ्या आपल्या सभेने, जिथे अर्धी माणसं अंगठा उठवतात, मुदत वाढवताना वहीत कारण लिहायचं. आणि ते आपण लिहितो. पेरणी चालू होती, तलाठ्याने नकाशा दिला नाही, पुलावरून पाणी होतं. सगळ्यांसमोर वाचतो, सह्या-अंगठे घेतो. ही चांगली रीत आहे. जी रीत ग्रामसभेला लागू, ती मंत्रालयाला आणि कंपनीला का नको?

काही गावांतून विचारतील, आपण जंगलातली माणसं, सोलापूरच्या धुराशी आपलं काय? कोळसा निघतो कुठून? चंद्रपूर, कोरबा, तालचेर. तिथे जंगल कापूनच खाणी झाल्या आणि उठवले गेले ते आपल्यासारखेच लोक. वीज जाते शहरात आणि कारखान्यात. आज सोलापूरच्या माळावर मुदत हलते, उद्या आपल्या शेजारच्या खाणीची राख झाकायची मुदत हलेल, परवा पुनर्वसनाची. धरणवाल्या गावांना विचारा, पुनर्वसनाच्या तारखेचं काय झालं ते.

म्हणून आमचं म्हणणं असं आहे.

एक, मुदतवाढ सरसकट नको. ज्या केंद्राला हवी त्याने स्वतंत्र अर्ज करावा आणि कुठलं काम का अडलं ते लिहावं.

दोन, तो अर्ज आणि त्यावरचा निर्णय मराठीत, आसपासच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावा आणि ग्रामसभेत वाचला जावा. निर्णयाआधी जनसुनावणी व्हावी.

तीन, यंत्र बसेपर्यंत मधल्या काळात लोकांसाठी काय करणार ते आधी सांगावं. हवा मोजायची मशीन गावात, आकडे रोज फळ्यावर, दम्याच्या रोग्यांना औषध.

चार, वाढ एकदाच मिळावी. पुन्हा चुकलं तर दंड असा असावा की उशीर परवडणार नाही, आणि तो पैसा धूर सोसणाऱ्या गावांना मिळावा.

पाच, अणुवीज केंद्रांनाही हेच लागू व्हावं. सुरक्षेचा तपशील गुप्त ठेवा, पण मुदत चुकली की नाही हे गुप्त नको.

आणि आपल्यासाठी नवीन काही मागत नाही. वनहक्क कायद्याच्या कलम 4(5) मध्ये लिहिलेलंच आहे की दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत कुणालाही जमिनीवरून काढता येणार नाही. हा आपला हक्क आहे, त्याला मुदतवाढ म्हणायचं कारण नाही. गार्ड नोटीस घेऊन आला तर हेच कलम दाखवा, पोच घ्या, आणि नोटिशीची नक्कल संघटनेकडे पाठवा.

पुढच्या ग्रामसभेत हा लेख मोठ्याने वाचा. वरचे पाच मुद्दे पटले तर ठराव करा. पटले नाहीत, किंवा त्यात काही घालायचं असेल, तर तसं लिहा. ठरावाखाली तारीख टाकायला विसरू नका.

जिंदाबाद.