पर्समधली ट्यूब

माझ्या पर्समध्ये रुमाल, किल्ल्या आणि अँटिबायोटिक मलमाची एक ट्यूब कायम असायची. कुणाला कापलं, खरचटलं, की 'वहिनी, ट्यूब द्या ना!' गेल्या हिवाळ्यात आमच्या बचत गटातल्या एका ताईंच्या नाकात खपल्या धरत होत्या, शिंकरलं की रक्त यायचं. मी लगेच ट्यूब पुढे केली. "रात्री झोपताना बोटाने आत लावा." अगदी डॉक्टरच्या थाटात!

तीन आठवड्यांनी पाहते तर ताईंच्या नाकपुड्या लालभडक, सुजलेल्या, वरच्या ओठापर्यंत पुरळ. "जंतू वाढलेत वाटतं, आता दिवसातून चारदा लावते," म्हणाल्या. मग मात्र मी त्यांना कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी ट्यूब पाहिली नि सांगितलं, "जंतू नाहीत, या औषधाचीच अ‍ॅलर्जी आहे." मलमात निओमायसिन होतं. त्याची अ‍ॅलर्जी इतकी नेहमीची, की अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या एका संस्थेने २०१० साली त्याला 'वर्षाचा अ‍ॅलर्जीकारक पदार्थ' ठरवलं होतं. आणि गंमत (गंमत कसली म्हणा!) अशी, की ही अ‍ॅलर्जी दिसते जंतुसंसर्गासारखीच. म्हणून बाई आणखी मलम लावते, आणि नाक आणखी सोलवटतं.

नाकातलं अस्तर म्हणजे हाताची कातडी नव्हे. तिथले अतिसूक्ष्म केस सतत हलत राहून धूळ अडकलेला शेंबूड घशाकडे ढकलतात. न सांगता चाललेला केरवाराच तो. म्युपिरोसिन या औषधाचं तर नाकासाठी मलमच वेगळं असतं. त्वचेच्या मलमात बहुधा पॉलिइथिलीन ग्लायकॉल असतं, ते नाकात झोंबतं. नाकाचं मलमसुद्धा डॉक्टर साधारण पाचच दिवस देतात, कारण फार दिवस लावलं तर जंतू त्याला दाद देईनासे होतात.

औषधाच्या दुकानदाराला नावं ठेवणं सोपं आहे. पण चिठ्ठीशिवाय ट्यूब मागणारी मीच होते ना? पोटात घ्यायच्या गोळीला आपण दहादा विचारतो. लावायचं औषध मात्र पावडर-कुंकवासारखं एकमेकींना देतो.

मलम बंद केलं, डॉक्टरांनी दिलेले सलाइनचे थेंब घातले, ताईंचं नाक बरं झालं. परवाच्या बैठकीत त्यांनीच हसत विचारलं, "वहिनी, पर्समध्ये आता काय असतं हो?"

रुमाल आणि किल्ल्या.